आजीला इंग्रजीत काय म्हणतात?

ऑक्टोजेनेरियन, नॉनाजेनेरियन, सेंटेनेरियन... जिभेला गाठ मारणारे हे शब्द आपण मार्कांसाठी पाठ करतो. पण म्हाताऱ्या माणसांसाठीच्या इंग्रजी शब्दांच्या पोटात शिरलं, की तिथं लॅटिन पाढे सापडतात, शिव्या सापडतात आणि चक्क आपले भाऊबंदही भेटतात!

रात्रीचे साडेदहा वाजलेले. सकाळी क्लासमध्ये टेस्ट. विषय इंग्रजी, टॉपिक ‘वन वर्ड सब्स्टिट्यूशन’. परीक्षा बँकेची असो नाहीतर स्टाफ सिलेक्शनची, हा टॉपिक काही पिच्छा सोडत नाही. देव न मानणारा तो कोण, फक्त शाकाहार करणारा तो कोण आणि ऐंशीतला माणूस म्हणजे कोण. मी पुस्तक मांडीवर घेऊन पुटपुटत होते, ‘साठ ते एकोणसत्तर सेक्साजेनेरियन, सत्तर ते एकोणऐंशी सेप्टुआजेनेरियन, ऐंशी ते एकोणनव्वद ऑक्टोजेनेरियन...’

शेजारच्या कॉटवर आजी माळ ओढत बसलेली. तिची माळ थांबली.

“कसलं गं स्तोत्र म्हणतीस?”

“स्तोत्र नाही गं आजी. म्हाताऱ्या माणसांना इंग्रजीत काय म्हणतात ते पाठ करतेय.”

“बरं. मग मला काय म्हणायचं?”

“तुझं वय किती, त्यावर आहे.”

आजीनं माळेचा एक मणी पुढं सरकवला आणि शांतपणे विचारलं, “खरं सांगू का कागदावरचं?”

झालं! पुस्तकात ए, बी, सी, डी असे चार पर्याय होते, पण हा प्रश्नच नव्हता. आजीच्या त्या एका वाक्यामुळं टेस्ट राहिली बाजूला आणि मी या शब्दांच्या मागंच लागले. जे सापडलं ते तुमच्याशी शेअर करतेय.

प्रत्येकी ऐंशी!

आधी या शब्दांचं ऑपरेशन करू. ‘ऑक्टोजेनेरियन’ ऐकायला भारदस्त वाटतो, पण आत आहे फक्त आकडा. लॅटिनमध्ये ‘ऑक्टोगिंटा’ म्हणजे ऐंशी. त्यावरून ‘ऑक्टोगेनी’, म्हणजे ‘प्रत्येकी ऐंशी’. हो, लाडू वाटताना आपण म्हणतो ना, प्रत्येकी दोन, तसं! त्यावरून ‘ऑक्टोगेनारियस’ आणि मग इंग्रजीत ऑक्टोजेनेरियन. बाकीचे शब्दही याच साच्यातले. सत्तर म्हणजे ‘सेप्टुआगिंटा’, नव्वद म्हणजे ‘नोनागिंटा’, शंभर म्हणजे ‘केंटुम’. त्यावरून सेप्टुआजेनेरियन, नॉनाजेनेरियन, सेंटेनेरियन. चाळिशीतल्या आणि पन्नाशीतल्या माणसांसाठीही असे शब्द आहेत, क्वाड्राजेनेरियन आणि क्विन्क्वाजेनेरियन. पण ते फारसे कुणी वापरत नाही. साठीनंतरच या शब्दांना जोर येतो. म्हणजे माणूस चाळिशीत असला की त्याला डॉक्टर, शेतकरी, कंडक्टर म्हणायचं आणि ऐंशीत गेला की नुसतं ‘ऐंशीवाला’ म्हणायचं, असा प्रकार.

इंग्रजी पेपरच्या हेडिंगमध्ये हे शब्द दिसतात तेव्हा नीट बघा. ऑक्टोजेनेरियनला ऑनलाइन गंडा. नॉनाजेनेरियनची करोनावर मात. माणूस निवृत्त मुख्याध्यापक असेल, चांगला तबला वाजवत असेल, पण हेडिंगमध्ये उरतं फक्त वय.

पण लॅटिन म्हणून बिचकायचं कारण नाही. सेप्टेम, ऑक्टो, नोवेम हे आकडे मोठ्यानं म्हणा आणि लगेच सप्त, अष्ट, नव म्हणून बघा. काही ऐकू येतंय? ही दूरच्या नात्यातली भावंडंच आहेत. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. रोमनांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, त्यामुळं सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा. नावं तीच राहिली, महिने मात्र पुढं सरकले.

आणि ‘शंभर’ तर या कुळातला व्हीआयपी आकडा. लॅटिनचं ‘केंटुम’ आणि आपलं ‘शतम्’ मूळचे एकच. कुठल्या भाषेत ‘क’ टिकला आणि कुठल्या भाषेत त्याचा ‘श’ किंवा ‘स’ झाला, यावरून भाषाशास्त्रज्ञ या कुळातल्या भाषांचे ‘केंटुम’ आणि ‘सतेम’ असे दोन गट पाडत आले आहेत. म्हणजे इंग्रजांचा ‘सेंटेनेरियन’ आणि आपला ‘शतायुषी’ हे दोघं चुलतभाऊच की!

नव्याण्णव की शंभर?

इथं एक ट्रॅप आहे आणि परीक्षेत सोडा, पेपरातल्या बातम्यांतही लोक त्यात अडकतात. आपण मराठीत ‘चालू’ वर्ष मोजतो. ‘आजोबांना ऐंशीवं लागलं’ म्हणजे त्यांची एकोणऐंशी पूर्ण झाली. इंग्रजी शब्द मात्र ‘पूर्ण’ वर्षं मोजतात. त्यामुळं ऐंशीवं लागलेले आजोबा इंग्रजीत अजून सेप्टुआजेनेरियनच असतात.

शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांचं उदाहरण घ्या. जन्म २९ जुलै १९२२ चा. २०२१ च्या जुलैत त्यांची ९९ वर्षं पूर्ण झाली आणि महाराष्ट्रानं त्यांचं शंभराव्या वर्षातलं पदार्पण साजरं केलं. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला ते गेले. आपल्या हिशेबानं ते शंभरीत होते. इंग्रजी शब्दकोशाच्या हिशेबानं ते नॉनाजेनेरियन. चूक कुणाचीच नाही, मोजायची पद्धत वेगळी.

महर्षी धोंडो केशव कर्वे मात्र दोन्ही हिशेबांनी पक्के. जन्म १८ एप्रिल १८५८ चा. १९५८ मध्ये शंभरी पूर्ण झाली, त्याच वर्षी भारतरत्न मिळालं आणि टपाल खात्यानं ते हयात असतानाच त्यांचं तिकीटही काढलं. पुढं १९६२ पर्यंत, १०४ वर्षं जगले. क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं, तर ज्यांच्या नावानं देवधर ट्रॉफी आहे ते पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर १०१ वर्षं जगले. दोघंही सेंटेनेरियन. पण बघा ना, तो शब्द वाचून कळतं का, की कर्व्यांनी ५८ व्या वर्षी, म्हणजे आता ज्या वयात लोक रिटायरमेंटचा हिशेब मांडतात त्या वयात, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं? नाही कळत. आकडा एवढंच सांगतो की हा माणूस इतकी वर्षं होता. काय करत होता, ते सांगत नाही.

आकडेच मोजायचे तर जपान्यांसारखे तरी मोजावेत! जपानीत ८८ व्या वाढदिवसाला ‘बेइजू’ म्हणतात, म्हणजे ‘तांदळाचा वाढदिवस’. का? तर तांदळाचं चिन्ह सुटं केलं की त्यात आठ, दहा, आठ अशी चिन्हं दिसतात. आणि ९९ म्हणजे ‘हाकुजू’. शंभराच्या चिन्हातून ‘एक’ची वरची रेघ काढली की ‘पांढरा’ असं चिन्ह उरतं, म्हणून हा ‘पांढरा वाढदिवस’. आपल्याकडंही ऐंशीच्या पुढं सहस्रचंद्रदर्शन करतात. हजार पौर्णिमा बघितलेला माणूस! तोही आकडाच, पण त्यात चंद्र आहे.

‘सुपर’ व्हायला पुरावा लागतो

११० पूर्ण केलेल्या माणसाला इंग्रजीत ‘सुपरसेंटेनेरियन’ म्हणतात. हा क्लब फार छोटा आहे आणि त्याच्या दारावर एक कडक वॉचमन उभा असतो. तो म्हणतो, कागद दाखवा!

या क्लबची राणी म्हणजे फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान काल्मां. जन्म २१ फेब्रुवारी १८७५, मृत्यू ४ ऑगस्ट १९९७. १२२ वर्षं आणि १६४ दिवस. याहून जास्त जगल्याची खात्रीशीर नोंद जगात दुसऱ्या कुणाचीच नाही. त्यांचा एक किस्सा भारी आहे. १९६५ मध्ये, त्या नव्वदीत असताना, एका ४७ वर्षांच्या वकिलानं त्यांच्याशी करार केला. त्यानं त्यांना दर महिन्याला २,५०० फ्रँक द्यायचे आणि त्या गेल्यावर फ्लॅट त्याचा. नॉनाजेनेरियन बाई, किती दिवस काढणार, असा साधा हिशेब. वकील ३० वर्षं पैसे भरत राहिला आणि १९९५ मध्ये, ७७ व्या वर्षी, तोच गेला. बाई ठणठणीत! पुढचे पैसे त्याच्या बायकोनं भरले. ‘नॉनाजेनेरियन’ या शब्दावर जास्त विश्वास ठेवल्याची एवढी मोठी किंमत क्वचितच कुणी मोजली असेल.

काल्मांबाईंच्या वयावरही २०१८ मध्ये रशियातल्या संशोधकांनी शंका घेतली होती. पण जन्माची नोंद, जनगणनेची पानं असे ढीगभर कागद त्यांच्या बाजूनं होते आणि बहुतेक अभ्यासकांनी रेकॉर्ड मान्यच ठेवलं.

आता दुसरी गोष्ट. फौजा सिंग. पंजाबातल्या जालंधरजवळच्या गावात जन्म, म्हातारपणी लंडनला मुलाकडं गेले आणि ८९ व्या वर्षी मॅरेथॉन पळायला लागले. २०११ मध्ये टोरांटोची मॅरेथॉन त्यांनी आठ तासांच्या वर वेळ घेत, पण पूर्ण केली. पासपोर्टप्रमाणं तेव्हा ते शंभर वर्षांचे होते. ब्रिटनच्या राणीचं शंभरीचं पत्रही त्यांना आलेलं होतं. तिकडं १९१७ मध्ये राजा पाचवा जॉर्ज याच्या काळापासून शंभरी गाठणाऱ्याला राजघराण्याकडून शुभेच्छा जातात. पण गिनीज बुकानं मात्र त्यांचं रेकॉर्ड मान्य केलं नाही. कारण जन्माचा दाखला नाही! १९११ मध्ये पंजाबच्या खेड्यात जन्मनोंदी ठेवल्या जात नव्हत्या, हे इथल्या अधिकाऱ्यांनी कळवूनही उपयोग झाला नाही. जुलै २०२५ मध्ये गावाजवळ गाडीची धडक बसून ते गेले, तेव्हा त्यांचं वय ११४ सांगितलं गेलं.

दोघंही खूप जगले. एकीकडं कागद होते, दुसरीकडं पाय होते. शब्दकोशाचा दरवाजा कागदांना उघडतो.

१ जूनवाली आजी

हे वाचलं आणि मला आजीचं वाक्य कळलं. ‘खरं सांगू का कागदावरचं?’

आजीचा कागदावरचा वाढदिवस १ जून. आता हसू नका, तुमच्याही घरात एखादा १ जूनवाला असणारच. गावाकडं पूर्वी पोराला शाळेत घालायला आणलं, की मास्तर विचारायचे जन्म कधीचा. बाप सांगायचा, सुगीच्या आसपास. मग मास्तर पोराकडं बघून पहिलीत शोभेल असं वर्ष ठरवायचे आणि पुढं १ जून टाकून द्यायचे. आख्ख्या महाराष्ट्रात एका पिढीचा वाढदिवस असा एकाच दिवशी येतो.

आजीच्या शाळेच्या दाखल्यावर आहे १ जून १९४०. पण आजी सांगते, “गांधीबाबा गेले तवा मी बारा वर्षांची होते. दुसरीत होते, पण वर्गात सगळ्यात उंच मीच. मास्तर मला मागं बसवायचे.” गांधीजी गेले जानेवारी १९४८ मध्ये. म्हणजे आजीचा जन्म १९३६ च्या आसपासचा. तिला दहाव्या वर्षी शाळेत घातलं आणि कागदावर सहा वर्षांची केली.

चार वर्षांनी काय फरक पडतो? पडतो! कारण आता वयाचे शब्द नुसते शब्द राहिलेले नाहीत, त्या सवलतींच्या किल्ल्या आहेत. २००७ च्या कायद्याप्रमाणं ६० झाली की ज्येष्ठ नागरिक. एसटीत ७५ पूर्ण झाली की ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ आणि २०२२ पासून प्रवास फुकट. इन्कम टॅक्समध्ये ८० झाली की ‘व्हेरी सीनियर’, ज्याला आपण सुपर सीनियर म्हणतो. ही कॅटेगरी २०११ च्या बजेटनं आणली. आणि निवडणुकीत ८५ च्या वर असाल, तर घरी येऊन मत घेतात. आधी ही मर्यादा ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली.

नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांकडं मतपेटी घेऊन घरी टीम आली. त्यांचं वय कागदावर ८६. आजी त्यांना ‘बारक्या’ म्हणते, कारण ते तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि त्यांना नदीत पोहायला तिनं शिकवलं. आजी खरी ८८, पण कागदावर ८४. एक वर्ष कमी पडलं. अधिकाऱ्यांची काही चूक नाही, त्यांच्यापुढं कागदच होता. मतदानाच्या दिवशी काका आणि मी आजीला खुर्चीत बसवून उचलून बूथवर नेलं. बूथ होता गावातली तीच शाळा. खुर्ची दारात टेकवली तेव्हा आजी म्हणाली, “इथंच लिव्हलं होतं बघ माझं वय.” तिला राग नव्हता आला. मला मात्र आला होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. मास्तर केव्हाच गेलेले.

तर टेस्टच्या उत्तरपत्रिकेत माझी आजी ऑक्टोजेनेरियन. आमच्या घरच्या हिशेबात यंदा नव्वदीला टेकलेली, म्हणजे नॉनाजेनेरियन. दोन्ही बरोबर, दोन्ही अपुरे.

दुसरा खण

आकडेवाले शब्द निदान कुणाचं वाईट तरी चिंतत नाहीत. पण इंग्रजीच्या कपाटात म्हाताऱ्या माणसांसाठी आणखी एक खण आहे आणि तो उघडला की वास येतो. शब्दशः! म्हातारीसाठी एक जुना शब्द आहे, ‘क्रोन’. परीकथांतल्या चेटकिणीला हमखास लावतात. तो आलाय जुन्या फ्रेंचमधल्या मेलेल्या जनावराच्या मढ्यासाठीच्या शब्दावरून. ‘हॅग’, ‘कॉजर’, ‘फोगी’ ही याच खणातली मंडळी.

‘गीझर’ हाही त्यातलाच. आता तुमच्या बाथरूममधला गीझर वेगळा बरं का. तो आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्याच्या नावावरून आला. म्हाताऱ्याला म्हणतात तो गीझर आला ‘गायझर’वरून, म्हणजे मुखवटा घालून सोंगं करणारा. इंग्लंडमध्ये आता नुसत्या ‘गड्या’लाही गीझर म्हणतात.

‘डोटार्ड’ म्हणजे म्हातारचळ लागलेला. हा शब्द जवळजवळ मेलेलाच होता, पण सप्टेंबर २०१७ मध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग उननं डोनाल्ड ट्रम्पना उद्देशून तो वापरला आणि लोक डिक्शनऱ्यांच्या साइटवर तुटून पडले. आणि आपल्या पिढीचा लाडका ‘ओके बूमर’? तोही याच घरातला. १९४६ ते १९६४ दरम्यान जन्मलेले ते बूमर. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत २५ वर्षांची खासदार क्लोई स्वारब्रिक हवामान बदलावर बोलत होती. एकानं मध्येच टोकलं, तिनं न थांबता ‘ओके बूमर’ म्हटलं आणि भाषण पुढं चालू ठेवलं. तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या होत्या. आता वाटतं, मुद्दा तिचाच बरोबर होता, पण त्यानंतर आपण सगळ्यांनी तो शब्द ऐकून न घ्यायला वापरला. वडील काही सांगायला लागले की ओके बूमर, विषय संपला.

मराठीतही हा खण रिकामा नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ आपणच म्हणतो. ‘थेरडा’ हा शब्द तर कहर आहे. तो आलाय ‘स्थविर’वरून, त्याचं पाली रूप ‘थेर’. बौद्ध परंपरेत थेर म्हणजे ज्येष्ठ, आदरणीय भिक्खू आणि थेरी म्हणजे भिक्खुणी. ‘थेरीगाथा’तल्या थेरी याच. तोच शब्द घसरत घसरत आपल्याकडं शिवी होऊन बसला.

शब्द बदलला, नजर?

मग सभ्य लोक नवीन शब्द आणतात. ओल्ड वाईट वाटला म्हणून एल्डर्ली. एल्डर्लीही बोचायला लागला म्हणून ‘ओल्डर पर्सन्स’. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका समितीनं हाच शब्द पसंत केला. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्थाही आपल्या पत्रकारांना ‘एल्डर्ली’ जपून वापरायला सांगते. अमेरिकेत आलेला ‘सीनियर सिटिझन’ आपण ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणून घेतला. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर याला ‘युफेमिझम ट्रेडमिल’ म्हणतो. जिममधल्या ट्रेडमिलवर कितीही पळा, माणूस तिथंच. तसंच शब्द कितीही बदला, नजर तीच असेल तर नवा शब्दही थोड्या दिवसांत शिळा होतो.

या नजरेलाही इंग्रजीत नाव आहे, ‘एजिझम’. १९६९ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी तो शब्द घडवला. वॉशिंग्टनजवळच्या एका सुखवस्तू वस्तीत गरीब वृद्धांसाठी घरं होणार होती आणि तिथले रहिवासी विरोध करत होते. त्यावर बोलताना त्यांनी म्हटलं, जसा वंशभेद तसाच हा वयभेद.

एजिझम नेहमी शिवीच्या रूपात येतो असंही नाही. कधी तो कौतुक होऊन येतो. इंग्रजीत ‘स्प्राय’ असा एक शब्द आहे, म्हणजे चपळ, तरतरीत. पण विशीतल्या पोराला कुणी स्प्राय म्हणत नाही. तो राखून ठेवलाय म्हाताऱ्यांसाठी. ‘एटी इयर्स यंग’ही तसंच. आपणही वाढदिवसाच्या बॅनरवर लिहितो, ‘८० वर्षांचे तरुण’. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं कौतुक काय, तर तुम्ही म्हातारे नाही आहात!

मुळाशी गेलं की

आणि आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट.

‘जेरियाट्रिक्स’ हा म्हातारपणाच्या वैद्यकशास्त्राचा शब्द १९०९ मध्ये इग्नाट्स नाशर या डॉक्टरनं ग्रीकमधून बनवला. ग्रीकमध्ये ‘गेरास’ म्हणजे म्हातारपण. तो आपल्या संस्कृत ‘जरा’चा भाऊ. जराजर्जर मधला जरा! लॅटिन ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा, त्याचं नातं ‘सनातन’मधल्या ‘सन’शी. याच सेनेक्सवरून सिनेट म्हणजे ज्येष्ठांची सभा. त्यावरूनच ‘सीनियर’. आणि सीनियर झिजून झिजून झाला ‘सर’. म्हणजे कॉलेजात आपण दिवसभर ‘सर, सर’ करतो ना, त्याचा मूळ अर्थ ‘वयानं मोठे’!

आता साधा, रोजचा ‘ओल्ड’ घ्या. त्याच्या मुळाचा अर्थ आहे वाढणं, पोसलं जाणं. ‘ॲडल्ट’ त्याच मुळातला. कॉलेजची ‘अल्युम्नाय मीट’ असते, तो अल्युम्नायही त्याच मुळातला. ओल्ड म्हणजे मुळात ‘वाढलेला’. आणि आपला ‘वृद्ध’? तो ‘वृध्’ या धातूपासून, म्हणजे वाढणं. वृद्धी होते ती हीच. दोन वेगळे शब्द, पण दोघांनाही म्हाताऱ्या माणसाकडं बघून एकच गोष्ट सुचली. हा वाढलेला आहे, झाडासारखा.

राहिला आपला ‘म्हातारा’, जो आपल्याला जरा उद्धट वाटतो, म्हणून आपण त्याऐवजी सीनियर सिटिझन म्हणतो. तो आलाय संस्कृत ‘महत्तर’वरून. महत्तर म्हणजे अधिक मोठा. बस्स. त्यात सुरकुत्या नाहीत, काठी नाही, चळ नाही. ते सगळं नंतर आपण चिकटवलं.

म्हणजे शब्द निर्दोष आहेत, आपण ते कसे म्हणतो यावर सगळं आहे. ‘सर’ आदरानं म्हटलं की म्हातारपणाचा मान होतो आणि ‘म्हातारे’ असं नाक मुरडून म्हटलं की त्याच मोठेपणाची शिवी होते. जपानमध्ये १९६३ साली शंभरी ओलांडलेली फक्त १५३ माणसं होती, २०२५ मध्ये जवळपास १ लाख झाली. आयुष्य सगळीकडंच लांबतंय. आज विशीत असलेल्या आपल्यातले कितीतरी जण ऑक्टोजेनेरियन, नॉनाजेनेरियन होणार आहेत. तेव्हा कुठल्या स्वरात हाक मारलेली आवडेल, याची प्रॅक्टिस आत्तापासूनच करायला काय हरकत आहे?

टेस्टमध्ये मला दहापैकी आठ मिळाले. घरी आल्यावर आजीनं विचारलं, “ठरलं का गं, मला काय म्हणायचं ते?”

“म्हातारी,” मी म्हटलं. “मूळ शब्दाचा अर्थ अधिक मोठी.”

“ती तर मी हायेच,” आजी म्हणाली. “त्यासाठी एवढं पुस्तक कशाला वाचलंस?”

टेस्टमध्ये मार्क हवेत? हे लक्षात ठेवा!

• सेक्साजेनेरियन : ६० ते ६९

• सेप्टुआजेनेरियन : ७० ते ७९

• ऑक्टोजेनेरियन : ८० ते ८९. स्पेलिंगमध्ये ‘ऑक्टा’ नाही, ‘ऑक्टो’. इथं निम्म्या क्लासचे मार्क जातात.

• नॉनाजेनेरियन : ९० ते ९९. आपल्याकडं शंभरावं लागलेला माणूसही यातच.

• सेंटेनेरियन : शंभर पूर्ण केलेला माणूस. ‘सेंटेनरी’ म्हणजे शताब्दी. ती संस्थेचीही असते, गेलेल्या माणसाचीही. पण सेंटेनेरियन व्हायला शंभर वर्षं जगावंच लागतं.

• सुपरसेंटेनेरियन : ११० आणि पुढं.

• आणि एक बिनमार्कांचा प्रश्न : तुमच्या घरातला १ जूनवाला शोधा आणि त्याचं खरं वय विचारा. उत्तर एका शब्दात मिळणार नाही. बसून ऐकायला लागेल.